गाडी बंद शे भाऊ! रेल्वेच्या संपाबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी रेल्वेच्या ड्रायव्हर लोकांच्या, म्हणजे आता ज्यांना लोको पायलट म्हणतात त्यांच्या ड्युटीच्या तासांवर लिहिलं होतं आणि शेवटी एक वाक्य टाकलं होतं की उद्या हे लोक संपावर गेले तर माझ्यासारखीचे हाल होतील तरी मी त्यांच्याच बाजूने उभी राहीन. त्यात आमच्या अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या, किराणा दुकानातल्या उधारीच्या वहीचापण उल्लेख आला होता, १९७४ च्या रेल्वे संपाच्या वेळची ती वही. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲपवर मेसेज आले की यावेळचं सगळं पान त्यालाच दिलंय. नवीन वाचकांसाठी सांगते, मी भुसावळची, दुकान रेल्वे क्वार्टर्सच्या अगदी जवळ होतं, आणि नोकरी पाचोऱ्याला शाळेत. तीस-बत्तीस वर्षं पासवर अपडाउन केलं. त्यामुळे दोन्ही बाजू मी घरात बसून नाही, प्लॅटफॉर्मवर उभं राहून बघितल्यात.

प्रश्न : ताई, मी पाचोऱ्याहून जळगावला रोज येते, कापडाच्या दुकानात कामाला आहे. गाडी लेट झाली तर अर्धा दिवस कापतात. संप झाला तर आठ दिवसांचा पगार गेलाच समजा. तुम्ही रिटायर झाल्या, तुम्हाला संपाच्या बाजूने बोलणं सोपं आहे. (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मला लागलं आणि ते खरं आहे. मला पेन्शन आहे, माझी गाडी चुकली तर काही कापलं जात नाही. म्हणून तुम्हाला "थोडं सहन करा" असं मी सांगणार नाही, तो अधिकार मला नाही.

पाचोरा ते जळगाव ४८ किलोमीटर. पासवर महिन्याला जे पडतं तेवढे पैसे एसटीने चार-पाच दिवसांत संपतात आणि काळीपिवळीवाला त्या दिवशी कितीला बसवेल याचा भरवसा नाही. एसटीचा संप आठवून बघा, ऑक्टोबर २०२१ च्या शेवटी सुरू झाला आणि पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला, कोरोनानंतर नुकत्याच शाळा उघडल्या होत्या आणि खेड्यावरच्या मुलींचं येणंच बंद झालं, आमच्या शाळेतल्या बाई सांगायच्या की नववी-दहावीच्या वर्गात गावातल्याच मुली तेवढ्या दिसतात, मुलांना कुणीतरी मोटरसायकलवर आणून सोडतं पण मुलींना नाही. त्यातल्या काही मुली नंतर परत आल्याच नाहीत. आणि तिकडे कमी पगारावर राबणारे ड्रायव्हर-कंडक्टर, त्यांच्यातल्या काहींनी तर जीव दिले. हे दोन्ही मला एकदमच आठवतं, एक आठवलं की दुसरं येतंच. म्हणून संप म्हटलं की एक बाजू खरी आणि एक खोटी असं मला कधी वाटलंच नाही.

तुमच्यापुरतं सांगते. रेल्वेत कायदेशीर संप अचानक होत नाही, १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. नोटिशीची बातमी आली की त्याच दिवशी दुकानमालकाला सांगा, लेखी द्या, दुसऱ्या वेळेला जास्त तास भरून द्यायची तयारी दाखवा. बहुतेक मालक तोंडावर सांगितलं की चिडतात आणि आधी सांगितलं की ऐकतात. आणि तुमच्या डब्यात तुमच्यासारख्या पंधरा-वीस जणी असतील, त्यांनी मिळून एक निवेदन युनियनला आणि एक डीआरएम (रेल्वेच्या विभागाचे प्रमुख) ऑफिसला द्यावं, दोन्हीकडे, की सकाळी एक आणि संध्याकाळी एक गाडी तरी ठेवा. पासधारकांचं म्हणणं संपाच्या आधी कुणी विचारत नाही कारण आपण ते संप सुरू झाल्यावर, चिडल्यावर सांगतो.

प्रश्न : माझे मिस्टर मालगाडीवर लोको पायलट आहेत. गाव छापू नका. रात्री दोनला कॉल येतो, परवा दुपारी येतात, झोपतात, परत कॉल. मुलगी सहा वर्षांची आहे, ती म्हणते पप्पा पाहुणे आहेत का. हे ४६ तासांच्या रेस्टचं काय प्रकरण आहे ते मला नीट समजत नाही, ते घरी काही बोलत नाहीत. आणि संप केला तर नोकरी जाते का? (एक वाचक)

उत्तर : मुलीचं वाक्य वाचून मी पत्र बाजूला ठेवलं, आणि मग दुसऱ्या दिवशी लिहायला बसले.

आधी तासांचं. ड्युटी मोजतात ती साइन ऑनपासून साइन ऑफपर्यंत, म्हणजे कामावर हजर झाल्याची सही ते सुटल्याची सही. नियम म्हणतो की सलग गाडी चालवणं साधारण ९ तासांच्या वर नको, आणि ताणून सगळं मिळून ११ तासांपर्यंत. ड्युटी ८ तास किंवा जास्त झाली तर आपल्या मुख्यालयी आल्यावर १६ तास रेस्ट आणि बाहेरगावी रनिंग रूमला, म्हणजे ड्रायव्हर लोकांच्या विश्रांतीच्या खोलीत, ८ तास. हे झालं रोजचं. याशिवाय आठवड्याची सुटी म्हणून जे असतं त्याला पीरियॉडिक रेस्ट म्हणतात, महिन्यातून चारदा सलग ३० तास नाहीतर पाचदा २२ तास.

भांडण इथेच आहे. ते १६ तास त्या ३० तासांतच धरले जातात. म्हणजे आठवड्याची सुटी म्हणून खरे हातात पडतात १४ तास. लोको पायलट म्हणतात १६ तास ही रोजची झोप झाली, ती कुणालाही लागते, सुटीचे ३० तास त्यावर वेगळे द्या. १६ आणि ३० मिळून ४६. एवढीच मागणी आहे. मी माझ्या नोकरीचा हिशोब करून बघितला, आमची शनिवारी सकाळची शाळा साडेअकराला सुटायची आणि सोमवारी साडेदहाला भरायची, ते ४७ तास होतात. मी फळ्यावर खडूने लिहायचे. माझी चूक झाली तर डस्टरने पुसता यायची. आणि ज्याच्या मागे हजार-दीड हजार माणसं नाहीतर चार-पाच हजार टन माल आहे तो माणूस माझ्यापेक्षा एक तास कमीच मागतोय.

दुसरी मागणी रात्रीची. सध्या लागोपाठ चार रात्री लावता येतात, त्या दोनवर आणा म्हणतात. तुम्ही कधी लागोपाठ चार रात्री कुणाच्या उशाशी दवाखान्यात जागून काढल्या असतील तर चौथ्या पहाटे तीन ते पाच काय होतं ते तुम्हाला माहीत असेल, डोळे उघडे असतात पण समोरचं डोक्यात जात नाही. आणि ड्रायव्हरला त्याच वेळी सिग्नलचा रंग बघून असिस्टंटला मोठ्याने सांगायचा असतो. तिसरी गोष्ट लघवीची, बोलायला लाजतात पण मी लिहिते, वर्षानुवर्षं इंजिनात ती सोयच नव्हती, आता नव्या इंजिनांत कुठे कुठे बसवताहेत, आणि यात आता मुलीपण लोको पायलट आहेत. त्या कमी पाणी पिऊन ड्युटी करतात. मे महिन्यात, आपल्या भागातल्या ४५ डिग्रीत.

२० फेब्रुवारी २०२५ ला सकाळी ८ पासून देशभरातल्या लोको पायलटांनी ३६ तास उपोषण केलं, आणि उपाशीपोटी गाड्या चालवल्या, एकही गाडी बंद केली नाही. पेपरात किती आलं ते तुम्हीच आठवून बघा. एक गाडी दोन तास अडवली असती तर दिवसभर टीव्हीवर तेच दिसलं असतं.

आता नोकरीचं. नोटीस देऊन, चर्चा फिसकटल्यावर झालेला संप आणि बेकायदा ठरलेला संप यात फार फरक आहे. काम नाही तर पगार नाही हे दोन्हीत आहेच. पण नोटीस न देता दहा किंवा जास्त जणांनी मिळून काम सोडलं तर गैरहजेरीच्या वर आणखी ८ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो, सर्व्हिसमध्ये ब्रेक लागू शकतो, खात्याची कारवाई होऊ शकते. आणि एक गोष्ट मिस्टरांना नक्की माहीत असेल तरी सांगते, संप असो नसो, चालती ड्युटी अर्ध्या वाटेत सोडून उतरायचं नाही, रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १७३ मध्ये त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. गाडी पोचवायची, चार्ज द्यायचा, मग काय ते.

तुम्ही एक काम करा. एक शंभर पानी वही घ्या आणि त्यांचा कॉल कधी आला, घरून कधी निघाले, कधी आले, किती झोपले, हे तारखेसकट लिहीत चला. तुम्ही लिहा, त्यांना सांगू नका लिहायला, ते थकलेले असतात. तीन महिन्यांनी ती वही युनियनच्या माणसाला दाखवा. "फार त्रास होतो" याला उत्तर देता येतं, तारखेला आणि तासाला देता येत नाही. आणि मुलीला एकदा प्लॅटफॉर्मवर नेऊन पप्पाचं इंजिन दाखवा. माझ्या वर्गात अशी कितीतरी मुलं होती, ज्यांनी बापाला इंजिनात बघितलेलं असायचं ती मुलं बाप घरी नसतो म्हणून रडायची पण रागवायची नाहीत.

प्रश्न : ताई राम राम. मी सावद्याकडचा केळीवाला. घड कापला की थांबत नाही. गाडी बंद झाली तर ड्रायव्हरचा आठ दिवसांचा पगार जाईल, आमचं वर्षाचं पीक जातं. आमचा काय गुन्हा? (शेतकरी, रावेर तालुका)

उत्तर : गुन्हा काहीच नाही दादा. यात मी तुम्हाला उलटं काही समजावून सांगणार नाही. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, नाव झालं, पण नावाने घड टिकत नाही. दिल्ली इथून हजार किलोमीटरच्या वर, रेल्वे बंद म्हटल्याबरोबर ट्रकवाला भाव वाढवणार आणि व्यापारी तोच भाव तुमच्या क्विंटलमधून कापणार, हे होतंच.

माझं मत विचाराल तर नाशवंत माल, दूध, औषधं, ऑक्सिजन हे संपाच्या बाहेर ठेवायची घोषणा युनियननेच आधी स्वतःहून करावी. कायद्याच्या भीतीने नाही. भुसावळातले निम्मे रेल्वेवाले यावल-रावेरकडच्या शेतकऱ्यांचीच पोरं आहेत, एक भाऊ इंजिनात आणि एक भाऊ बागेत, अशी घरं मी स्वतः मोजून दाखवीन. नोटीस लागली की तुम्ही त्या १४ दिवसांत तुमच्या व्यापाऱ्याशी बोलून घ्या की गाडी रद्द झाली तर ट्रकचं जादा भाडं कोण भरणार, आणि ते कागदावर घ्या. कापणी दोन-चार दिवस मागेपुढे करता येते तेवढी करा, उन्हाळ्यात तेही फार जमत नाही हे मला ठाऊक आहे.

प्रश्न : ७८ दिवसांचा बोनस घेतात, पास फुकट, क्वार्टर, दवाखाना, आणि वरून संप! प्रायव्हेटवाल्याने काय करावं? तुम्ही लोकांना वेठीस धरणाऱ्यांची बाजू घेता याचं आश्चर्य वाटतं. (एक वाचक, जळगाव)

उत्तर : बोनसचंच बोलू, कारण तो विषय मला घरचा आहे.

७८ दिवसांचा बोनस ऐकायला फार मोठा वाटतो. पण तो खऱ्या पगारावर नसतो, महिना ७००० रुपये धरून काढतात, म्हणून जास्तीत जास्त १७,९५१ रुपये मिळतात. साठ-सत्तर हजार पगार असला तरी तेवढेच. दसऱ्याच्या आधी येतात आणि भुसावळच्या बाजारात चार दिवसांत खर्च होतात, म्हणजे दुकानदार, शिंपी, मिठाईवाला, हे सगळे प्रायव्हेटवालेच ना.

आणि हा बोनस आला कुठून ते बघा. १९७४ च्या रेल्वे संपाच्या मागण्यांमध्ये तो होता. इतर कामगारांना १९६५ च्या कायद्याने बोनस मिळायचा, रेल्वेला नाही. त्याच्या सोबत आठ तासांची ड्युटी, महागाई भत्ता आणि सरकारी कारखान्यांतल्या कामगारांइतका पगार. रनिंग स्टाफला, म्हणजे चालत्या गाडीवर काम करणाऱ्यांना, तेव्हा ड्युटीला काही हिशोबच नव्हता, १९७३ मध्ये त्यांनी काम बंद केलं तेव्हा कुठे १० तासांचं आश्वासन मिळालं. रेल्वे कामगारांच्या फेडरेशनचे अध्यक्ष जॉर्ज फर्नांडिस, रेल्वेमंत्री ललित नारायण मिश्रा, पंतप्रधान इंदिरा गांधी. बोलणी चालू असतानाच २ मे ला फर्नांडिसांना लखनौला अटक झाली, तरी ८ मे ला संप सुरू झाला. सतरा लाखांच्या आसपास कामगार होते देशभरात. हजारोंना मिसा नाहीतर डीआयआर या अटकेच्या कडक कायद्यांखाली आत टाकलं, कितीतरी कुटुंबांना क्वार्टरमधून बाहेर काढलं, प्रादेशिक सेनेची माणसं आणून काही गाड्या चालवल्या. १८ मे ला पोखरणला अणुचाचणी झाली आणि सगळा देश तिकडेच बघायला लागला. २७ मे ला संप मागे घेतला, काहीही न मिळता.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते. भुसावळच्या पोरांना यार्डातल्या शंटिंगच्या आवाजात झोपायची सवय असते, डबा डब्याला लागल्याचा तो धाडधाड आवाज, मध्येच शिट्टी, आणि त्या वीस दिवसांत रात्री एवढं शांत वाटायचं की आमची आजी उठून बसायची आणि म्हणायची कुणी गेलं का गं. दुकानात अण्णा सगळ्यांना माल देत होते. ज्वारी, तूरडाळ, गोडंतेल, विड्यांचं बंडल. महिन्याच्या महिन्याला पगारावर पैसे द्यायचे अशी रीत होती आणि पगार तर बंद. जळगावच्या दाणाबाजारातला ठोक व्यापारी अण्णांच्या मागे लागला होता, आईने पाटल्या मोडल्या, आणि अण्णा काही कम्युनिस्ट बिम्युनिस्ट नव्हते हो, कपाळाला गंध लावणारे, संघटना वगैरे काही कळत नव्हतं त्यांना. आईने विचारलं तेव्हा म्हणाले, गेली पंधरा वर्षं यांच्याच पैशावर आपलं घर चाललंय, आता यांना कुठे पाठवू. तुम्ही म्हणता प्रायव्हेटवाल्याने काय करावं. अण्णा प्रायव्हेटवालेच होते.

१९७७ ला सरकार बदललं, मधू दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि काढून टाकलेल्या लोकांना परत कामावर घेतलं. त्याच दंडवत्यांच्या काळात सेकंड क्लासच्या लाकडी फळ्यांवर फोमच्या गाद्या बसायला सुरुवात झाली, आज तुम्ही-मी स्लीपरमध्ये झोपून जातो ती. आणि बोनस? तो १९७९-८० च्या वर्षापासून मिळायला लागला. ज्यांनी त्यासाठी मार खाल्ला त्यातले कितीतरी तोवर रिटायर झाले होते, काही वारले होते.

वेठीस धरणं हा शब्द मला मान्य आहे, संपात प्रवासी वेठीला धरलाच जातो. पण झोप न झालेल्या माणसाच्या हातात गाडी देणं हेपण प्रवाशाला वेठीस धरणंच आहे, फक्त ते आपल्याला डब्यात बसून दिसत नाही. जून २०२४ मध्ये बंगालमध्ये कांचनजंगा एक्सप्रेसला मालगाडी मागून धडकली, तिचा लोको पायलट जागीच गेला, आणि काही तासांत दोष त्याच्यावर टाकून मोकळे झाले. नंतर सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघालं की सिग्नल बिघडल्यावर काय करायचं याचं ट्रेनिंगच लोकांना नीट दिलेलं नव्हतं. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही.

प्रश्न : माझी पुण्याला परीक्षा आहे. संपाने गाडी रद्द झाली तर तिकिटाचे पैसे मिळतात का? (विद्यार्थी, नंदुरबार)

उत्तर : मिळतात, पूर्ण. ऑनलाइन तिकीट असेल आणि गाडी पूर्ण रद्द झाली तर काहीच करायचं नाही, पैसे आपोआप खात्यात येतात. खिडकीवरचं तिकीट असेल तर गाडी सुटायच्या वेळेपासून तीन दिवसांच्या आत खिडकीवर परत द्यायचं. गाडी रद्द नाही पण तीन तासांपेक्षा जास्त लेट आहे आणि तुम्हाला जायचं नाही, तर ऑनलाइनवाल्याने गाडी प्रत्यक्ष सुटायच्या आधी टीडीआर (पैसे परत मागायचा ऑनलाइन अर्ज) टाकायचा, नंतर टाकला तर गेले पैसे. पण बाळा, पैशापेक्षा परीक्षा बघ. नोटिशीची बातमी असेल तर एक दिवस आधीच एसटीने निघ.

प्रश्न : रेल्वेत संप करणं कायद्याने चालतं का? आमच्याकडे कट्ट्यावर यावरून भांडणं झाली. (चार मित्र, चाळीसगाव)

उत्तर : दोन्ही बाजूचे थोडे थोडे बरोबर असणार. संप हा मूलभूत हक्क नाही, सुप्रीम कोर्टाने १९६१ मध्येच सांगितलं की संघटना करायचा हक्क आहे, त्यात संपाचा हक्क येत नाही, आणि २००३ च्या तामिळनाडूच्या केसमध्ये सरकारी नोकरांबद्दल तर आणखी कडक बोललं. पण कामगार कायद्यात संपाला जागा आहे. आधी १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा होता, २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. १४ दिवसांची नोटीस आधीही रेल्वेला होतीच, आता सगळ्याच उद्योगांना लागली. समेटाची बोलणी चालू असताना आणि संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. आणि निम्म्या किंवा जास्त लोकांनी ठरवून एकाच दिवशी सीएल (किरकोळ रजा) टाकली तर तोपण संपच धरतात. म्हणजे बंदी नाही, पण दार इतकं अरुंद केलंय की वाकून, अंग चोरूनच आत जायचं.

तुमच्या कट्ट्यावर एक गोष्ट मात्र सांगा. गाडी लेट झाली म्हणून चिडून रुळावर बसणारे प्रवासी असतात ना, त्यांना रेल्वे कायद्याचं कलम १७४ लागतं, दोन वर्षांपर्यंत कैद. रेल रोको केलेल्या दोन-तीन पोरांना मी ओळखते, पोलिस भरतीच्या वेळी ती केस आडवी आली.

प्रश्न : संपाशिवाय दुसरा मार्गच नाही का, ज्यात लोकांचे हाल होणार नाहीत? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : आहेत. एक, नियमानुसार काम. म्हणजे नियमाच्या पुस्तकात जेवढं लिहिलंय तेवढं सगळं, एकही पायरी न गाळता. गाड्या लेट होतात पण बंद होत नाहीत, आणि कुणी बोट दाखवू शकत नाही कारण नियमच पाळलाय. दुसरा तो उपोषणाचा, वर सांगितला. तिसरा म्हणजे नुसती तयारी दाखवणं, जुन्या पेन्शनसाठी रेल्वेच्या फेडरेशनांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये कामगारांचं मतदान घेतलं, १ मे २०२४ पासून संप जाहीर झाला, तो झाला नाही पण ऑगस्टमध्ये सरकारने युपीएस ही नवी पेन्शन योजना जाहीर केली. जुनी पेन्शन ती नव्हे, त्यावर समाधान नसलेले खूप आहेत, पण एकही गाडी न थांबता सरकार हललं एवढं खरं.

आणि जपानमध्ये ओकायामा शहरात २०१८ मध्ये बस ड्रायव्हरांनी काय केलं, बस नेहमीसारख्या चालवल्या पण भाडं घेतलं नाही. नुकसान कंपनीचं, प्रवासी खूष. रेल्वेत हे जमायचं नाही कारण तिकीट आधीच काढलेलं असतं आणि ड्रायव्हर काही तिकीट तपासत नाही, तरी टीसी लोकांनी एक दिवस तपासणी बंद ठेवली तर, असा विचार माझ्या मनात येतो. मात्र मालगाडीवाल्यांचं दुखणं यातल्या कशानेच मिटणार नाही. त्याला भरती पाहिजे. लोको पायलटच्या जागा रिकाम्या ठेवायच्या आणि आहेत त्यांनाच रात्री उठवायचं, हे जोवर चालू आहे तोवर नोटिशी येतच राहणार.

प्रश्न : सगळे ड्रायव्हरबद्दलच बोलतात. माझे वडील गँगमन होते, मी पण ट्रॅक मेंटेनर, म्हणजे रुळांची देखभाल करणारा, आहे. आमच्याबद्दल कोण लिहिणार? (एक वाचक, म्हसावद परिसर)

उत्तर : माझी चूक झाली, मागच्या लेखात तुमच्याबद्दल एक ओळपण नव्हती. मनमाडला फेब्रुवारी १९३८ मध्ये जीआयपी रेल्वेतल्या (आताची मध्य रेल्वे) दलित कामगारांची परिषद झाली, डॉ. बाबासाहेब आंबेडकर अध्यक्ष होते, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं ते तिथेच बोलले. पण त्याच भाषणात त्यांनी गँगमनचं सांगितलं होतं, की दलित माणूस रेल्वेत आला की जन्मभर गँगमनच राहतो, त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरातलंही काम करावं लागतं. ते वाचलं तेव्हापासून मी गाडीतून रुळाकडे बघताना वेगळं बघते.

म्हसावद ते माहेजीच्या मधे हातोडा खांद्यावर टाकून चालणारा कीमन, म्हणजे रुळ तपासणारा, मी रोज बघायचे, थंडीत पहाटे रुळ तडकतात म्हणून तेव्हा त्याची खरी ड्युटी. मागून येणारी गाडी वाऱ्यात ऐकू येत नाही. रुळावर काम करताना माणसं गाडीखाली जातात आणि पेपरात दोन ओळी येतात. गाडी येतेय हे सांगणारं रक्षक नावाचं यंत्र निघालंय, ते तुमच्या गँगला मिळालंय का, आणि मिळालं असेल तर चालतं का, हे मला लिहून कळवा. पुढच्या अंकाचं पान तुमचं. नाव छापणार नाही.

प्रश्न : बाई, मागच्या लेखात तुम्ही वडिलांच्या उधारीच्या वहीबद्दल लिहिलं. माझे वडील भुसावळला फायरमन, म्हणजे इंजिनात कोळसा टाकणारे, होते, १९७४ ला त्यांची नोकरी गेली होती, ७७ ला परत मिळाली. ते आता नाहीत. आई म्हणते तुमच्याच दुकानातून माल यायचा. वहीत त्यांचं नाव असेल का? नाव वेगळ्या चिठ्ठीत लिहिलंय. (एक वाचक, सध्या नाशिक)

उत्तर : आहे. काल दुपारी वही काढली, पानं पिवळी पडलीत आणि कडा झिजल्यात पण अण्णांचं अक्षर स्वच्छ आहे. तुमच्या वडिलांचं खातं मे ७४ मध्ये ४३ रुपयांवर होतं, पावसाळ्यापर्यंत १२० च्या वर गेलं. मग बराच काळ नवीन माल नाही, पण दर दोन-तीन महिन्यांनी पाच रुपये, तीन रुपये, एकदा फक्त सव्वा रुपया जमा. एका ठिकाणी अण्णांनी शेजारी लिहिलंय, "हमालीवर जातात". ७८ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीची शेवटची नोंद आहे, त्यापुढे "पूर्ण" असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात, आणि त्याच तारखेला नवीन खात्यावर एक किलो गूळ आणि पाव किलो साजूक तूप. पानाचा फोटो काढून ठेवलाय. आईंना दाखवायचा असेल तर मासिकाच्या पत्त्यावर तुमचा नंबर कळवा, आणि त्यांना चालणार असेल तर मी वही घेऊनच नाशिकला येते, सकाळच्या गाडीने.